जर्मन नागरिकत्व : हिंदी-मराठी बोलणारा वकील कुणाच्या ओळखीत आहे का?

हळकुंड

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मूळचे सांगलीचे, २०१८ पासून जर्मनीत, श्टुटगार्टच्या जवळ राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांनी मिळून नागरिकत्वाचा म्हणजे आइनब्युर्गरुंगचा अर्ज टाकला. बी१ म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन झालेलं आहे, नागरिकत्वाच्या परीक्षेत मला ३३ पैकी ३१ आणि बायकोला ३३ पैकी ३३ (हे घरात रोज ऐकावं लागतं). पगाराच्या स्लिपा, पेन्शनचा उतारा, भाडेकरार, सगळं दिलं. माणशी २५५ युरो भरले. पोचपावती आली आणि त्यानंतर दीड वर्ष काहीच नाही. ईमेल केला की ठरलेलं उत्तर येतं की कृपया चौकशी करू नये, चौकशीमुळे कामाला आणखी उशीर होतो.

आता वकील करावा असं मनात आहे. अडचण अशी की माझं जर्मन बेकरीत आणि बालवाडीत चालतं, कायद्याच्या पत्रात नाही. बायकोच्या कागदांत नावाची भानगडही आहे. जन्मदाखल्यावर एक नाव, लग्नात आमच्याकडच्या पद्धतीने तांदळात लिहून बदललेलं दुसरं, पासपोर्टवर ते दुसरं. हे सगळं जर्मनमध्ये समजावणं माझ्या बसची बात नाही.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरतेय. हिंदी, पंजाबी, इंग्लिश, जर्मन बोलणारे तज्ज्ञ, नागरिकत्व ६ महिन्यांत हमखास, दोघांचे मिळून २४०० युरो, निम्मे आगाऊ. कुणाला अनुभव आहे का? किंवा मराठी समजणारा दुसरा कुणी वकील?

शेवटचा_डबा

'हमखास' हा शब्द वाचलात ना? मग पुढचं वाचू नका.

निवडुंग

म्युनिकहून लिहितोय. जखम ताजी आहे म्हणून सविस्तर लिहितो. नाव मुद्दाम देत नाही, त्यामुळे व्यनि करून विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका ऑफिसला मी १५०० युरो दिले. फोनवर बोलणारा माणूस इतकं गोड हिंदी बोलायचा की मी त्याला दिवाळीचा फराळ नेऊन दिला. भाईसाब, टेन्शन मत लो. टेन्शन घेतलं नाही. सात महिन्यांनी कळलं की हे गृहस्थ वकील नाहीतच, 'कन्सल्टंट' आहेत. ज्या वकिलाच्या नावाने मी मुखत्यारपत्रावर, म्हणजे फोलमाख्टवर सही केली होती त्याला मी एकदाही भेटलो नव्हतो. त्याने माझ्यासाठी केलेलं काम म्हणजे एक पानाचं पत्र, त्यावर माझा फाइल नंबर चुकलेला. ते पत्र कुणाच्या फाइलला लागलं देव जाणे.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो. पहिल्याच फोनवर विचारायचं, तुम्ही स्वतः रेश्ट्सआनवाल्ट, म्हणजे नोंदणीकृत वकील, आहात का? पूर्ण नाव काय? मग ते नाव देशभरच्या अधिकृत वकील-नोंदणीत इंटरनेटवर शोधायचं, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. सापडलं नाही तर नमस्कार. सापडलं तर दुसरा प्रश्न, माझी फाइल तुम्हीच हाताळणार की दुसरं कुणी? मला या दुसऱ्या प्रश्नानेच बुडवलं.

काकदृष्टी

मुळात भारतीय नागरिकत्व सोडायची एवढी घाई कशाला? कायमचा परवाना आहे ना हातात? इथे सगळे 'कसं मिळवायचं' विचारतात, 'काय जातं' कुणी विचारत नाही.

दुभाषीण

मी मराठी आणि हिंदीची शपथबद्ध अनुवादक आहे, न्यायालयात दुभाषी म्हणूनही जाते. वकील नाही. त्यामुळे हे टेबलाच्या कोपऱ्यात बसून पाहिलेलं आहे असं समजा.

हळकुंड, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत.

ऑफिसने दीड वर्ष काही न करणं, हे पहिलं. इथे तुमचा वकील तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलतो याला जवळजवळ किंमत नाही, तो ऑफिसशी कसं लिहितो याला आहे. प्रशासनाची भाषा जर्मन आहे, हे कायद्यात लिहिलेलं आहे. न्यायालयाचीही जर्मन, न्यायालय-रचनेच्या कायद्याचं कलम १८४. त्यातला एकमेव अपवाद पूर्वेकडच्या सॉर्ब लोकांचा, त्यांना त्यांच्या भागातल्या न्यायालयात सॉर्बी बोलता येते. सांगलीकरांची सोय अजून झालेली नाही. तेव्हा या कामाला कसलेला जर्मन लिहिणारा, याच विषयात मुरलेला माणूस हवा. 'फाखआनवाल्ट फ्यूर मिग्रात्सिओन्सरेश्ट', म्हणजे स्थलांतराच्या कायद्यातला विशेषज्ञ वकील, असं बिरुद पाहा. ते आपल्या मनाने लावता येत नाही. वकिलांची संघटना देते, आणि टिकवायला दरवर्षी किमान १५ तास प्रशिक्षण घ्यावं लागतं. बहुतेकांना इंग्रजी येतं, तुमचं काम तेवढ्यावर भागेल.

मराठी खरोखर लागते ती कागदांत, आणि ते काम वकिलाचं नव्हे, माझ्यासारखीचं. परवाचंच सांगते. एका बाईंचा १९८० च्या दशकातला ग्रामपंचायतीचा जन्माचा उतारा आला. नावाच्या रकान्यात नुसतं 'मुलगी'. वडिलांचं नाव आहे, आईचं आहे, बाळाचं नाहीच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झाली. जर्मन अधिकाऱ्याला वाटलं अनुवादात चूक आहे. मी अनुवादाखाली टीप लिहिली की नोंदीच्या वेळी नाव ठेवलेलं नव्हतं, मूळ कागदात असंच आहे. सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अनुवाद जोडला. मिटलं.

तुमच्या पत्नीचा गुंताही मला नवा नाही. लग्नात पहिलं नावच बदलतं ही गोष्ट इथल्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही. आडनाव बदलतं हे त्यांना कळतं, पण पहिलं नाव? एका अधिकाऱ्याने मला सरळ विचारलं होतं की ही त्यांची दुसरी पत्नी तर नाही ना. यावर औषध एकच, राजपत्र. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आलेला असेल तर जुनं नाव, नवं नाव एका ओळीत मिळतं. विवाह नोंदणीचा नमुना 'ई' काढून पाहा, त्यावर बहुतेक माहेरचं नावही असेल. तिन्ही कागद एकाच अनुवादकाकडून करून घ्या, नाहीतर एक 'श' एका पद्धतीने लिहील, दुसरा दुसऱ्या, आणि तिसरं नाव तयार होईल.

शपथबद्ध अनुवादकांची यादी न्यायखात्याच्या संकेतस्थळावर भाषेनुसार शोधता येते. मराठीचे मोजकेच आहोत. तुमचा दाखला नगरपालिकेचा आणि मराठी-इंग्रजी असा दोन्ही भाषांत असेल तर इंग्रजीचा अनुवादकही चालून जातो, तो स्वस्त पडतो. माझं नुकसान करून सांगतेय.

टपरीवरचा_चहा

दुभाषीणताई, उत्तम प्रतिसाद. जोडीला अपॉस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारतात त्या शिक्क्याबद्दल, पण सांगा ना. मुंबईच्या एजंटने माझ्या सगळ्या दाखल्यांवर अपॉस्टिल मारून दिलं, चांगले पैसे घेतले, आणि इथल्या बाईंनी त्या स्टिकरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुभाषीण

पाहणार नाहीत. भारत अपॉस्टिलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत घेतली, ती अजून आहे. त्यामुळे भारतीय कागदावरचं अपॉस्टिल जर्मनीपुरतं नुसतं शोभेचं. भारतातल्या जर्मन दूतावासाने कागद प्रमाणित करून देणंही कधीच बंद केलंय. इथल्या ऑफिसला शंका आली तर ते दूतावासामार्फत पडताळणी करायला सांगतात. मग तिकडचा विश्वासातला वकील प्रत्यक्ष चौकशी करतो, नोंदवही पाहतो, कधी शेजारीपाजारी विचारतो. त्याचा खर्च अर्जदारावर, आणि वेळ महिन्यांत मोजायचा. म्हणून शंका येऊ न देणं महत्त्वाचं.

टपरीवरचा_चहा

शेजारीपाजारी! आमच्या गल्लीत विचारलं तर माझं नागरिकत्व गेलंच समजा.

कोर्टकज्जा

मी दावा लावलेला माणूस आहे, त्यामुळे थोडं लिहितो.

अर्ज दिल्यावर ३ महिने उलटले आणि ऑफिसने सबळ कारणाशिवाय काहीच ठरवलं नाही, तर प्रशासकीय न्यायालयात 'उन्टेटिगकाइट्सक्लागे' टाकता येते. मराठीत निष्क्रियतेविरुद्धचा दावा म्हणू. ऑफिसला एकदाचा निर्णय घ्यायला लावणं हा त्याचा खरा उपयोग. 'आमच्याकडे माणसं कमी आहेत' हे कायमचंच रडगाणं असेल तर न्यायालयं ते सहसा सबळ कारण धरत नाहीत. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, स्वतः दावा टाकता येतो. मी टाकला नाही, कारण माझं जर्मन पाहून न्यायाधीशांनी मला आधी बी१चं प्रमाणपत्रच परत मागितलं असतं.

दावा लागल्यावर पाचव्या आठवड्यात ऑफिसचा फोन आला, ताज्या पगाराच्या स्लिपा पाठवा म्हणून. त्याच ऑफिसचा, जे चौकशी करू नये म्हणत होतं.

खर्चाचं. वकिलाचा पहिला सल्ला, वेगळा करार केला नसेल तर, खाजगी ग्राहकाला जास्तीत जास्त १९० युरो अधिक १९ टक्के कर, म्हणजे २२६ युरो १० सेंट. याच्या वर कुणी मागितलं तर आधी कागदावर करार दाखवायला सांगा. पुढच्या कामाचा करारही लेखीच घ्यायचा, त्यात काय काय येतं ते लिहून. दाव्यासाठी कोर्टाची फी सुरुवातीला आपण भरायची, काहीशे युरो. ऑफिसने विनाकारण उशीर केला होता असं ठरलं तर खर्च बहुतेक वेळा त्यांच्या माथी पडतो. मला वकिलाच्या फीतला कायद्याने ठरलेला भाग परत मिळाला, करारात वर ठरलेला भाग नाही मिळाला. कायदेविषयक विमा असेल तर आधी पॉलिसी वाचा, अनेकांत हा विषय वगळलेला असतो. माझ्यात होता.

आणि हो, दाव्याचा धाक दाखवणारं एक नीट पत्र, मुदत देऊन, हे बहुतेक वकील आधी करतात. कधी तेवढ्यानेच हलतं.

रविवारची_शिदोरी

अवांतर होतंय पण विचारते. मी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आहे, २२ महिने झाले, बी१ आहे. कायमच्या परवान्यासाठी, नीडरलासुंगसाठी, वकील लागतो का? मैत्रीण म्हणते लावूनच टाक.

निवडुंग

नको. बी१ असेल तर ब्लू कार्डवाल्यांना २१ महिन्यांत मिळतं, ए१ म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन असेल तर २७. पेन्शनचे हप्ते तेवढे महिने भरलेले असले आणि नोकरी चालू असली की सरळ प्रकरण आहे. फॉर्म अडला तर कारितास, डियाकोनी, आवो या समाजसेवी संस्थांकडे स्थलांतरितांसाठी फुकट सल्ला केंद्रं असतात. तिथल्या एका काकूंनी माझ्यापेक्षा चांगला माझा फॉर्म भरला. २२६ युरो वाचवा आणि त्यात मला जेवण द्या.

पेडण्याची_बाय

धागा जर्मनीचा आहे, पण 'अनेक भाषा येणारा वकील' वाचून राहवलं नाही. आमच्या गोव्यात हा विषय वेगळ्याच थराचा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पुढच्या पायऱ्यांनी, पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्यासाठी आजीचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात चढवावा लागतो.

माझ्या मावसभावाने केलं. आजीची नोंद पोर्तुगीज वहीत, हाताने लिहिलेली. पोर्तुगीज लिपिकाने आमची नावं त्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. शंकर 'एक्स' अक्षराने सुरू होतो, कारण त्यांच्याकडे 'श' तसा लिहितात. नाईकाच्या शेवटी 'क्यू यू ई' लागतं. पुढे शाळा मराठी, तिथे नाव मराठीत. मग १९६१ नंतर सगळं इंग्रजीत. एकाच माणसाचे तीन भाषांत तीन अवतार, आणि लिस्बनला पटवायचं की हा एकच शंकर. तिथे मात्र जुनी वही वाचणारा, कोंकणी-मराठी नावं कळणारा वकील सोन्याहून पिवळा. भावाचा वकील म्हापशाचा म्हातारा होता, तो वहीतलं अक्षर पाहून लिपिक ओळखायचा म्हणे.

तेव्हा दुभाषीणताईंचं म्हणणं तुमच्या जर्मनीला लागू, आमच्या वह्यांना नाही हां.

दुभाषीण

मान्य. तुमच्याकडे प्रकरणाचा जीवच त्या वहीत आहे, त्यामुळे वकील आणि भाषा वेगळी काढता येत नाही. म्हापशाच्या वकिलांना माझा नमस्कार.

काकदृष्टी

माझ्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही.

कोर्टकज्जा

देतो. जून २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, आठाऐवजी पाच वर्षांत अर्ज करता येतो. मध्ये तीन वर्षांचीही एक वाट होती, ती २०२५ मध्ये बंद झाली. पण आपल्याला दुहेरीचा उपयोग शून्य, कारण भारताला ते चालत नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. क्षण कोणता, तर इथे प्रमाणपत्र हातात पडतं तो. मग भारतीय पासपोर्ट जमा करा, जमा केल्याचा दाखला घ्या, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढा. ओसीआयवर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

जातं काय, तर मला विचाराल तर मत गेल्याचं वाईट वाटलं. बाकी फारसं नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

काकदृष्टी

वारसाने आलेली ठेवता येते हे माहीत नव्हतं. भावकीला पण माहीत नसावं. आमच्या चुलत्यांनी 'तू आता परदेशी, तुझं नाव सातबाऱ्यावरून काढावं लागेल' म्हणून सांगून ठेवलंय. आभार.

निवडुंग

एक व्यावहारिक. प्रमाणपत्र मिळाल्यापासून जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय किंवा व्हिसा हातात येईपर्यंत भारतात जाणं अडकतं. जुना पासपोर्ट दिसायला तसाच असतो, पण तो वापरायचा नाही, दंड बसतो. घरी कुणाचं आजारपण चालू असेल तर प्रमाणपत्राची तारीख मागे-पुढे करून मागा. मी नाही मागितली. वडिलांचं बायपास कराडला झालं, आणि मी इथे बसून व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना प्रश्न विचारत होतो.

हळकुंड

सर्वांचे मनापासून आभार. जाहिरातवाल्यांना फोन केला होता. वकिलाचं पूर्ण नाव विचारलं. 'टीम आहे' म्हणाले. ठेवून दिला.

हळकुंड

दोन महिन्यांनी अपडेट देतोय, कारण असे धागे अर्धवट सुटले की मलाच राग येतो.

वकील केली. जर्मन आणि इंग्रजी बोलते, मराठीचा संबंध नाही, 'सांगली' तिला तीन वेळा सांगावं लागलं. बिरुद आहे, नोंदणीत नाव आहे. पहिल्या सल्ल्याचे बरोबर २२६ युरो १० सेंट घेतले. (कोर्टकज्जा, सेंट पाहून हसू आलं.)

मी दावा लावा, दावा लावा करत होतो. ती म्हणाली, आधी फाइल पाहू. अर्जदाराला स्वतःची फाइल पाहण्याचा हक्क असतो, वकील ती मागवून घेऊ शकते. तीन आठवड्यांनी फाइल आली. त्यात मार्च २०२५ चं एक पत्र होतं, माझ्या नावाने, माझ्या जुन्या पत्त्यावर. पत्नीच्या नावातल्या फरकाचा खुलासा करा आणि नवीन भाडेकरार पाठवा. पाठीमागे पोस्टाचा शिक्का, या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही. आम्ही जानेवारीत घर बदललं होतं. नगरपालिकेत नवीन पत्ता नोंदवला, बँक, विमा, बालवाडी, वीजवाले, सगळ्यांना कळवलं. नागरिकत्वाच्या ऑफिसला वेगळं कळवायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. दोन ऑफिसं एकाच इमारतीत आहेत हो. एक दुसऱ्या मजल्यावर, एक तिसऱ्या.

म्हणजे वर्षभर मी त्यांना शिव्या घालत होतो आणि ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते. अर्थात पत्र परत आल्यावर त्यांनी एक ईमेल टाकायला हरकत नव्हती, ईमेल तर माझे रोज जात होते. पण वकील म्हणाली, अशा फाइलवर दावा लावला असता तर उशिराचं कारण आपल्याच अंगाशी आलं असतं.

दुभाषीणताईंनी सांगितल्याप्रमाणे जन्मदाखला, नमुना 'ई' आणि राजपत्र, तिन्ही एकाच ठिकाणी अनुवादाला दिले. लग्नात नाव बदलण्याच्या पद्धतीवर त्यांनी चार ओळींची टीप लिहिली. वकिलीणबाईंनी ती वाचून मला विचारलं, तांदळात म्हणजे नेमकं कुठे? मी ताटलीत तांदूळ पसरून बोटाने लिहून दाखवलं. फार आवडलं तिला. मग वकिलीणबाईंनी तिच्या जर्मनमध्ये पत्र लिहिलं, सहा आठवड्यांची मुदत टाकली. चौथ्या आठवड्यात उत्तर आलं. ताज्या स्लिपा मागितल्यात, बाकी प्रश्न नाही. एकूण खर्च अनुवादासकट ९०० युरोंच्या आत.

राजपत्राची मूळ प्रतही दाखवायला न्यायची आहे. सासूबाई पुढच्या आठवड्यात येताना घेऊन येतायत.

दुभाषीण

छान बातमी. सासूबाईंना आत्ताच फोन करून सांगा, जुने कागद आहेत तसे आणा, लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेला कागद मूळ आहे की रंगीत झेरॉक्स हे इथल्यांना ओळखता येत नाही, परत पाठवतात.

हळकुंड

उशीर झाला. कालच करून आणलं म्हणे, कडेने सोनेरी पट्टीसुद्धा आहे.